दिवंगत चित्रकाराचं प्रदर्शन कसं पाहावं?

चित्रकार प्रभाकर बरवे १९९५ साली गेले. २०१९ मध्ये मुंबईच्या राष्ट्रीय आधुनिक कला संग्रहालयात त्यांचं मोठं प्रदर्शन भरलं. चित्रांसोबत त्यांच्या रोजनिश्याही मांडल्या होत्या. त्यामुळे चित्राआधीचा विचारही दिसत होता. घराच्या दारा-खिडक्यांना देतात तो एनॅमल रंग बरवे कॅनव्हासवर वापरत. सपाट, गुळगुळीत रंगात एखादं पान, एखादं घड्याळ, आणि भोवती भरपूर मोकळी जागा.

कामानिमित्त मुंबईला गेलात, तर एखादं कलादालन जरूर बघा. चित्र आधी लांबून पाहा, मग जवळून. पाटी शेवटी वाचा, पण साल वाचाच. सालं ओळीनं लावली, की चित्रकाराचा हात कसा बदलत गेला ते कळतं.