भायखळ्याला उतरा



कर्जत-खालापूरच्या माणसाला मुंबई नवी नाही. पहाटेची लोकल, खांद्याला डब्याची पिशवी आणि बदलापूरपासून अंगावर येणारी गर्दी यांत उमेदीची वर्षं घालवलेली माणसं आपल्याकडे घरोघर आहेत. पण राज्याची राजधानी म्हणून मुंबई बघितलीत का, असं विचारलं तर त्यांतले कितीतरी जण गप्प होतील. कामावर जाणाऱ्याला मान वर करायला सवड कुठली? म्हणून आज मी बोलणार आहे ते सुट्टीच्या मुंबईबद्दल.

सुट्टीच्या दिवशी भायखळ्याला उतरा. राणीच्या बागेला लागूनच डॉ. भाऊ दाजी लाड संग्रहालय आहे. बुधवारी ते बंद असतं, एवढं ध्यानात ठेवा. आत शिरण्याआधी बागेतला दगडी हत्ती बघा. हा हत्ती आपल्याच रायगड जिल्ह्यातला, उरण तालुक्यातल्या घारापुरी बेटावरचा. त्याला पाहूनच पोर्तुगीजांनी त्या बेटाला एलिफंटा म्हटलं. १८६४ साली इंग्रज त्याला विलायतेला न्यायला निघाले. उचलताना क्रेन तुटली आणि हत्तीचे तुकडे झाले. पुढे ते तुकडे जोडून तो इथं उभा केला. क्रेन तुटली म्हणून आपला हत्ती आपल्याजवळ राहिला, याचा मला आजही आनंद होतो.

हे संग्रहालय १८७२ साली लोकांसाठी उघडलं. त्यासाठी वर्गणी जमवणाऱ्यांत भाऊ दाजी होते आणि नाना शंकरशेटही. हेच नाना आपण ज्या मार्गाने जातो त्या जी.आय.पी. रेल्वेच्या पहिल्या संचालकांपैकी एक. १८५६ साली ही गाडी खोपोलीपर्यंत आली. घाटातला लोहमार्ग १८६३ साली झाला. तोवर पुण्याकडचे उतारू खोपोलीला उतरून डोलीत नाहीतर तट्टावर बसून खंडाळा चढत. संग्रहालयात निरनिराळे धंदे करणाऱ्या लोकांच्या मातीच्या छोट्या प्रतिकृती आहेत. मुलांना तिथं रेंगाळू द्या, घाई करू नका.

मग पुन्हा गाडी धरून छत्रपती शिवाजी महाराज टर्मिनसला या. उपनगरी तिकीटघराचं छत चांदण्यांनी रंगवलेलं आहे; त्याखालून रोज हजारो माणसं जातात. बाहेर येऊन भिंती निरखा. दगडातली पानं-फुलं, पशुपक्षी हे बरंचसं काम जे.जे. कला विद्यालयातल्या विद्यार्थ्यांचं. २००४ साली ही इमारत जागतिक वारशाच्या यादीत गेली. स्थापत्यकार स्टीव्हन्स यांचं नाव सगळ्या पुस्तकांत सापडतं, पण छिन्नी धरणाऱ्या त्या मुलांची नावं कोण सांगतं?

आपल्याकडे मात्र असं एक नाव टिकलं आहे. कर्जतजवळ, राजमाचीच्या पायथ्याला, कोंढाण्याची बौद्ध लेणी आहेत, सुमारे दोन हजार वर्षांपूर्वीची. लाकूडकामाची नक्कल वाटाव्या अशा कमानी तिथं दगडात कोरलेल्या आहेत. चैत्याच्या बाजूला एका भंगलेल्या मूर्तीशेजारी ब्राह्मी लिपीतला लेख आहे: कान्हाचा शिष्य बलक याने हे घडवलं, अशा अर्थाचा. तोही कुणाच्या तरी हाताखाली शिकलेला विद्यार्थीच.

तेव्हा मुंबईला निघण्याआधीचा एखादा रविवार कोंढाण्याला द्या. कोंदिवड्यापर्यंत गाडी जाते, पुढची वाट पायी चढायची. पाऊस सरल्यावर, सकाळी लवकर निघा आणि प्यायचं पाणी बरोबर घ्या.