चिनी गुलाब : लागवड व निगा

(परसबाग व शालेय उद्यान प्रशिक्षणवर्गात ऑक्टोबर महिन्यात दिलेल्या व्याख्यानाचा मजकूर)



भाजीपाला व फळझाडे या विषयांवरील व्याख्याने आपण सकाळी ऐकली. त्या मानाने माझा विषय लहान आहे. जमिनीलगत पसरणाऱ्या, कुंडीच्या वा गडग्याच्या कडेवरून खाली लोंबणाऱ्या एका फुलझाडाविषयी मला बोलावयाचे आहे. आपण त्याला चिनी गुलाब म्हणतो. सकाळी कचेऱ्या उघडण्याच्या सुमारास ते फुलते, म्हणून ‘ऑफिस टाइम’ हेही नाव त्याला पडले आहे. फूल डोळ्यांना बरे दिसते एवढ्यासाठीच हा विषय निवडलेला नाही. आपल्या शाळांमधून दरवर्षी हौसेने बागा केल्या जातात आणि दरवर्षी त्या दोनदा मरतात, एकदा मे महिन्याच्या सुट्टीत पाण्यावाचून आणि पुन्हा जुलैमध्ये पाण्याने. मुलांनी आपल्या हाताने लावलेले रोप सुट्टीनंतर काडी होऊन उभे असलेले पाहिले की पुढच्या वर्षी त्यांचा उत्साह निम्मा होतो. या दोन संकटांपैकी पहिल्याला चिनी गुलाब स्वतःच तोंड देतो. दुसऱ्यातून त्याला आपण वाचवावे लागते.

या झाडाचे मूळ ठाऊक असले म्हणजे त्याची निगा शिकवावी लागत नाही. नावात चीन असला तरी चीनशी त्याचा संबंध नाही, आणि गुलाबाच्या कुळाशीही नाही. दक्षिण अमेरिकेतील अर्जेंटिना, उरुग्वे व ब्राझीलचा दक्षिण भाग हे त्याचे माहेर होय. जॉन गिलीज नावाच्या स्कॉटिश डॉक्टरांना ते अर्जेंटिनातील मेंडोझा शहराजवळच्या माळावर विपुल आढळले. विल्यम जॅक्सन हूकर या वनस्पतिशास्त्रज्ञाने १८२९ साली त्याचे वर्णन प्रसिद्ध करून त्याला पोर्टुलाका ग्रँडिफ्लोरा हे शास्त्रीय नाव दिले. आता एक तुलना करून पाहा. मेंडोझाच्या परिसरात वर्षाला जेमतेम २०० मिलिमीटरच्या आसपास पाऊस पडतो. आपल्या गोव्यात सरासरी सुमारे ३००० मिलिमीटर, आणि त्यातला बहुतेक जून ते सप्टेंबर या चार महिन्यांत. तिकडचे रोप आणून आपण वनमहोत्सवाच्या उत्साहात जुलैमध्ये लावतो आणि मग रोपवाटिकेवाल्याला दोष देतो!

आपल्या परसात उगवणारी घोळाची भाजी ही या झाडाची सख्खी बहीण. दोघींची पाने मांसल, दोघींचे देठ रसाळ. चिनी गुलाबाचे पान मात्र सुईसारखे गोल व टोकदार असते. बाजारात हल्ली घोळासारखी चपटी पाने आणि मोठी, बहुधा एकेरी फुले असलेला दुसरा प्रकारही मिळतो. त्याच्या फांद्या अधिक लांब वाढतात, म्हणून टांगत्या कुंडीसाठी तो बरा. निगा दोघांचीही सारखीच. घोळाशी नाते असले तरी शोभेच्या या झाडाची भाजी करून पाहण्याच्या भरीस कोणी पडू नये. त्यात ऑक्झलेट असतात, म्हणून गुरावासरांपुढेही छाटलेल्या फांद्यांचा ढीग टाकू नये.

जाड पानात साठविलेले पाणी हे या झाडाचे भांडवल. शिवाय त्याच्या श्वसनाची व अन्ननिर्मितीची रीतही काटकसरीची आहे. बहुतेक झाडे दिवसा पानांची सूक्ष्म रंध्रे उघडून हवेतला कार्बन डायऑक्साइड घेतात आणि त्याच वाटेने पाणी गमावतात. चिनी गुलाबाची पाने कमी पाण्यात अधिक काम करणाऱ्या ऊस व मका यांच्या पद्धतीने चालतात, आणि ताण पडला की निवडुंगाप्रमाणे रात्रीच्या व्यवहाराचाही काही आधार घेतात. जमिनीत चांगले रुजलेले झाड एप्रिल-मेच्या उन्हात आठवड्यातून एकदा पाणी मिळाले तरी तग धरते. फुले कमी येतील, पण झाड राहील. शाळेच्या दृष्टीने हा गुण मोठा आहे, कारण सुट्टीत आठवड्यातून एकदा फाटक उघडणारा कोणी ना कोणी गावात मिळतोच. रोज येणारा मिळत नाही.

लागवडीचा काळ म्हणजे हाच, ऑक्टोबर. पाऊस ओसरला, ऊन निवळले, जमिनीत ओल आहे. आता लावलेले रोप नोव्हेंबरअखेर फुलू लागते आणि पहिल्या पावसापर्यंत फुलत राहते. चतुर्थीला दारापुढे हे फूल असावे अशी पुष्कळांची इच्छा असते. ती इच्छा सोडून द्यावी हे उत्तम. मळभात हे फूल उघडतच नाही.

जागा निवडताना एकच कसोटी लावावी : तिथे दिवसातून किमान सहा तास थेट ऊन पडते का? आंब्याच्या सावलीत, व्हरांड्याच्या आतल्या बाजूस, कुळागराच्या कडेला हे झाड लावण्यात अर्थ नाही. याउलट, जांभ्या दगडाचे तापलेले आवार, चिऱ्यांच्या गडग्याचा माथा, पायऱ्यांच्या कडा, जिथे दुसरे काही टिकत नाही अशा जागी ते आनंदाने पसरते. माती भुसभुशीत हवी. एक भाग साधी माती, एक भाग जाड वाळू किंवा चिऱ्याची चाळलेली खर आणि पाव भाग कुजलेले शेणखत अथवा गांडूळखत एवढे पुरे. वाळू नदीची नसेल तर चिऱ्याची खरच वापरावी. समुद्रकिनाऱ्यावरची वाळू आणू नये. तिच्यात मीठ असते, आणि ती उचलणे कायद्यालाही मान्य नाही. खत थोडे असावे, हे मी मुद्दाम सांगतो. झाड फुलत नाही म्हणून मूठभर युरिया टाकणारे हौशी बागाईतदार पुष्कळ आहेत. नत्र जास्त झाले की फांद्या फोफावतात, पाने तुकतुकीत होतात आणि फूल काही येत नाही.

बियांपासून रोपे करता येतात, पण बी धुळीसारखे बारीक असते. एका ग्रॅममध्ये सुमारे दहा हजार दाणे भरतात. ते बारीक कोरड्या वाळूत मिसळून ओल्या मातीवर भुरभुरावे, वरून मातीने झाकू नये, कारण उगवण्यास त्याला उजेड लागतो. पाणी झारीने न घालता कुंडी पाण्याच्या घमेल्यात थोडा वेळ ठेवून खालून ओढू द्यावे. आठ ते चौदा दिवसांत अंकुर दिसतात. मुंग्या बी पळवितात, तिकडे लक्ष असावे.

याहून सोपी व खात्रीची रीत म्हणजे फांदीची. निरोगी फांदीचे चार बोटे लांबीचे तुकडे तोडावेत, खालच्या अर्ध्या भागावरील पाने काढावीत आणि लगेच न लावता ते एक रात्र सावलीत कागदावर पसरून ठेवावेत. जखम सुकली की तुकडा कुजत नाही. ही एक रात्र थांबण्याची गोष्ट लोकांच्या पचनी पडत नाही, कारण आपली सवय फांदी तोडली की पाण्यात बुडविण्याची. दुसऱ्या दिवशी ओलसर वाळूमिश्रित मातीत बोटाच्या दोन पेरांइतके खोचावे, भोवतालची माती दाबावी आणि वर प्लॅस्टिकची पिशवी घालू नये. दोन आठवड्यांत मुळे धरतात. भरगच्च दुहेरी फुलांच्या जातींना फांदीवाचून गत्यंतरच नाही, कारण त्यांच्या पुंकेसरांच्या पाकळ्या झालेल्या असतात व बी क्वचितच धरते.

रोप वीतभर झाले की शेंडे खुडावेत, म्हणजे बाजूने फुटवा येतो. पुढे दर दीड-दोन महिन्यांनी लांबलेल्या फांद्या निम्म्याने छाटाव्यात. छाटणी केली नाही तर मधला भाग उघडा पडतो आणि केवळ टोकांना चार फुले दिसतात. कात्री चालवताना गृहिणींचा जीव कळवळतो. परंतु छाटलेला प्रत्येक तुकडा म्हणजे शेजारणीला द्यावयाचे नवे रोप, असे मानले की हात मोकळा होतो.

पाणी किती घालावे? बोट मातीत खुपसून पाहावे. एका पेरापर्यंत कोरडी लागली तरच घालावे. थंडीत तीन-चार दिवसांनी, उन्हाळ्यात एक दिवसाआड, असा अंदाज कुंडीसाठी ठीक. करवंट्यांमध्ये लावून वाशाला टांगण्याची सुंदर पद्धत आपल्याकडे रुळली आहे. करवंटीला तळाशी तीन भोके पाडावीत. मात्र तिच्यात माती मूठभरच मावत असल्यामुळे कडक उन्हात तिला रोज थोडे पाणी लागते. सुट्टीत शाळेत ठेवण्यास ती उपयोगी नाही. अशा करवंट्या मुलांनी घरी न्याव्यात.

कुंडीखाली पाणी साठणारी बशी ठेवू नये. मूळ कुजते हा एक तोटा. दुसरा त्याहून गंभीर. डेंग्यू पसरविणारा एडिस डास अशाच स्वच्छ साचलेल्या पाण्याच्या काठाला अंडी घालतो आणि ती अंडी कित्येक महिने कोरडी राहूनही पुन्हा पाणी मिळताच फुटतात. बशी ठेवणे भागच असेल तर आठवड्यातून एकदा रिकामी करून आतून घासावी. नुसती ओतून टाकणे पुरेसे नाही.

रोगकिडींचा त्रास या झाडाला फारसा नाही. पिठ्या ढेकूण दिसला तर फांदी काढून टाकावी किंवा साबणाच्या सौम्य पाण्याने धुवावी. पावसात गोगलगायी पाने खातात, त्या रात्री दिवा घेऊन वेचाव्या लागतात. फुले उघडली असताना कोणतेही औषध फवारू नये. सकाळी नऊ ते बाराच्या दरम्यान सातेरी मधमाशा परागासाठी या फुलांवर येतात. शेजारी काकडी-दोडक्याचा मांडव असेल तर याच माशा त्याही फुलांवर जातात, हे परसबाग करणाऱ्यांनी ध्यानात घ्यावे.

आता पावसाळ्याविषयी. मे महिन्याच्या अखेरीस प्रत्येक रंगाच्या झाडाचे आठ-दहा तुकडे घेऊन ते वाळूच्या लहान कुंडीत किंवा करवंटीत लावावेत आणि उजेड येईल पण पागोळ्यांचे पाणी उडणार नाही अशा वळचणीला वा खिडकीत ठेवावेत. जून ते सप्टेंबर त्यांना दहा-बारा दिवसांतून एकदा चमचाभर पाणी द्यावे. ती वाढणार नाहीत, फुलणार नाहीत, जगतील. हेच पुढच्या हंगामाचे बियाणे. देठ तळाशी काळपट व मऊ झाला तर वरचा निरोगी भाग कापून, सुकवून पुन्हा लावावा. कुजलेला भाग औषधाने सुधारत नाही. जमिनीतली जुनी झाडे पावसात गेली तर जाऊ द्यावीत.

येथे एका पर्यायाबद्दल सावध करणे माझे कर्तव्य आहे. ‘लवकर पसरणारे, बारमाही पिवळे फूल’ म्हणून वेडेलिया नावाची वेल पुष्कळ जण लावतात. उष्णकटिबंधीय अमेरिकेतून आलेल्या या वेलीची जगातील सर्वांत उपद्रवी शंभर आक्रमक प्रजातींच्या आंतरराष्ट्रीय यादीत गणना झाली आहे. आपली घाणेरीही त्याच यादीत आहे. वेडेलियाच्या प्रत्येक पेराला मूळ फुटते, तोडून फेकलेला तुकडा ओहोळातून वाहत जाऊन शेताच्या बांधावर रुजतो आणि मग तिच्याखाली गवतही उगवत नाही. ती शाळेच्या आवारात असेल तर मुळासकट उपटून तापलेल्या कातळावर पूर्ण वाळवावी. नाल्यात टाकू नये. चिनी गुलाब आपल्या पावसात टिकत नाही, हा बागाईतदाराला दोष वाटतो. रानाच्या दृष्टीने तोच त्याचा गुण आहे.

शिक्षकांसाठी थोडे सांगतो. उमललेल्या एकेरी फुलाचे पुंकेसर काडीच्या टोकाने हलकेच एका बाजूला स्पर्शावेत. ते स्पर्शाच्या दिशेने झुकतात. मुले हे तासन्‌तास पाहत बसतील. पिकलेल्या फळाचे टोक डबीच्या झाकणासारखे निघते व आत करडे चकचकीत बी दिसते. एका कुंडीवर सकाळी खोके झाकून दुसरी उन्हात ठेवावी आणि कोणते फूल किती वाजता उघडले ते वहीत टिपावे. आणखी एक : जास्वंदीच्या पाकळ्यांच्या रसात लिंबू पिळले तर त्याचा रंग पालटतो, लाल चिनी गुलाबाच्या रसाचा तसा पालटत नाही. कारण जास्वंदीतले रंगद्रव्य वेगळे आणि याचे वेगळे. बीट, माठ व बोगनवेल यांच्यात जे असते, त्याच जातीचे ते आहे. पुस्तकातला धडा त्या दिवशी बाजूला राहिला तरी चालेल.

बाहेर व्हरांड्यातील टेबलावर पाच रंगांचे तुकडे जुड्या बांधून ठेवले आहेत. प्रत्येक शाळेने व पंचायतीने एकेक जुडी न्यावी. घरी गेल्यावर जुडी सोडून तुकडे कागदावर सुटे पसरावेत, पाण्यात ठेवू नयेत, आणि उद्या उन्हे कलल्यावर लावावेत.