आयसीयूच्या दाराबाहेरची सही

(परळ येथे तरुणांच्या मेळाव्यात केलेले भाषण)



मी इथून जवळच एका आयसीयूत नर्स आहे. रात्रपाळी करून थेट आलेय, आवाज बसला असेल तर सांभाळून घ्या.

सेप्सिस हा शब्द किती जणांनी ऐकलाय? फार हात नाहीत. 'रक्तात इन्फेक्शन पसरलं' म्हटलं की मात्र सगळ्यांना कळतं. संसर्ग लघवीचा असो, छातीचा असो की बाळंतपणानंतरचा. त्याच्याशी लढता लढता शरीर बेभान होतं आणि आपल्याच अवयवांना इजा करतं. धाप लागते, लघवी कमी होते, माणूस असंबद्ध बोलतो. 2017 साली जगभरात अंदाजे 1 कोटी 10 लाख माणसं यात गेली.

आमच्या अब्बांना सेप्सिस झाला तेव्हा मी नर्सिंगच्या दुसऱ्या वर्षाला होते. त्यांना डायबिटीस होताच. दोन दिवस ताप, मेडिकलमधून आणलेल्या गोळ्या. तिसऱ्या दिवशी त्यांनी मला फुफीच्या नावानं हाक मारली. मग धावपळ. आयसीयूच्या दाराबाहेर एक डॉक्टर कागद घेऊन आले. उपचारांवर अभ्यास चालू होता, अब्बांना त्यात घ्यायला आमची परवानगी हवी होती. चाचा भडकले, "आमचा माणूस काय उंदीर आहे?" अम्मीनं माझ्याकडे पाहिलं. मी गप्प. त्या कागदातलं मला निम्मंही कळलं नव्हतं, पण तसं कबूल करायची लाज वाटली. सही झाली नाही. अब्बा 19 दिवसांनी घरी आले. चाचा अजून दर ईदला ऐकवतात, "बरं झालं ना, नाही केली सही!"

त्यांना काय उत्तर द्यावं हे मला बरीच वर्षं सुचलं नाही.

सेप्सिसमध्ये रक्तदाब पडला की सलाईन लावतात. किती, किती वेगानं? 2001 साली अमेरिकेतल्या डेट्रॉईटच्या एका अभ्यासानं पहिल्या सहा तासांची काटेकोर पद्धत सांगितली आणि जगभर तिचा बोलबाला झाला. 2014-15 मध्ये तीन मोठ्या अभ्यासांनी ती पुन्हा तपासली. नेहमीच्या चांगल्या उपचारांपेक्षा जास्त फायदा दिसला नाही. त्याआधी, 2011 साली, युगांडा, केनिया आणि टांझानियातल्या 3,141 तापानं गंभीर झालेल्या मुलांचा अभ्यास आला. भराभर सलाईन दिलेल्या मुलांमध्ये 48 तासांत शंभरातली दहा-अकरा दगावली, तसं न दिलेल्यांत सात. जे औषध म्हणून देत होते, तेच तिथे घातक ठरलं. हे तपासल्याशिवाय कुणाला कळणार होतं?

आणि आपला रुग्ण डेट्रॉईटचा नाही. पावसाळ्यात हिंदमाताला पाणी तुंबतं, लोक त्यातून चालतात, मग लेप्टो येतो. सोबत मलेरिया, डेंग्यू. खाटेवर सगळे सेप्सिससारखेच दिसतात. त्यांच्यासाठी काय योग्य, ते इथल्याच वॉर्डांत शोधावं लागेल.

परळला हे नवं नाही. हाफकिन यांनी 10 जानेवारी 1897 ला प्लेगची लस आधी स्वतःला टोचून घेतली. दोन वर्षांनी त्यांची प्रयोगशाळा परळच्या जुन्या गव्हर्नमेंट हाऊसमध्ये आली. लोक लसीला घाबरत होते, तेव्हा तिसरे आगाखान यांनी चारचौघांत टोचून घेतली. वय विशीच्या आसपास, तुमच्याएवढंच.

चाचांचा संशय मी हसण्यावारी नेत नाही. गरिबाला न विचारता त्याच्यावर प्रयोग झाल्याचा इतिहास जगात आहे. म्हणूनच आज नीतिसमितीची मंजुरी लागते, औषधाच्या चाचणीची सरकारी नोंद लागते, समजेल त्या भाषेत माहिती द्यावी लागते. मधेच बाहेर पडता येतं, नाही म्हटलं तरी उपचार थांबत नाहीत. अब्बांचे कुठे थांबले? चाचांना मी आता एवढंच म्हणते, अब्बांना जे सलाईन, जी अँटिबायोटिक मिळाली, ती आधी दुसऱ्या कुणाच्या तरी अब्बांवर तपासली गेली होती.

मागच्या महिन्यात एका मुलीनं तो कागद आमच्या कॉरिडॉरमध्ये नानीच्या शेजारी बसून दखनीत समजावून सांगितला. अकरावीत असेल. आत आजोबा होते. तिनं डॉक्टरांना चार प्रश्न विचारले. त्यातला एक तर मलाही सुचला नव्हता. नानीनं ऐकून घेतलं आणि नको म्हणाली. डॉक्टरांनी मान हलवली, कागद परत घेतला. मी आत जाऊन आजोबांची रात्री दहाची अँटिबायोटिक लावली.