नक्षी काढलेली नाही, आतून आलेली आहे

आजचा विषय जरा धारदार आहे. 'दमास्कस' नावाने ऑनलाइन विकले जाणारे सुरे तुम्ही पाहिले असतील. पात्यावर पाण्याच्या लाटांसारखी नक्षी. काहींवर ती नुसती वरून छापलेली असते. मग खरी कशी असते? त्यासाठी आधी जावा बेटावर जाऊ आणि मग आपल्या गोदावरीच्या काठावर येऊ.

जावा आणि मलाय मुलखात 'केरिस' नावाचा खंजीर असतो. त्याच्या पात्यावरच्या नक्षीला म्हणतात 'पामोर', आणि तो घडवणाऱ्या लोहाराला 'एम्पू'. हा एम्पू साधं लोखंड आणि निकेल असलेलं लोखंड एकावर एक ठेवतो, भट्टीत पांढरंफेक तापवतो आणि घणाने ठोकून एकजीव करतो. मग घडी घालायची, परत ठोकायचं. दर घडीला थर दुप्पट. दोन थरांपासून सुरुवात केली तर पाच घड्यांत ६४! धारेसाठी मधे पोलादाची पट्टी.

आता साट्याची करंजी आठवा. लाटी कशी कापली, कशी लाटली, त्यावर पदर कसे दिसणार ते ठरतं. इथेही तसंच. एम्पू थर पिळतो, खाचा पाडतो, घासतो, आणि नक्षी बदलते. एका नक्षीचं नाव आहे 'बेरास वुताह', म्हणजे सांडलेले तांदूळ. शेवटी लिंबाचा रस आणि सोमल असलेलं खनिज चोळतात. लोखंड काळं पडतं, निकेलचा थर चकाकत राहतो. (सोमल जहाल विष आहे, घरी प्रयोग नको!) १८व्या शतकात प्रंबाननजवळ पडलेल्या उल्केचं लोखंडही पामोरसाठी वापरलं गेलं, कारण त्यात निकेल होतं.

आता आपल्याकडे. आमच्या शहागडवरून गोदावरी पुढे नांदेडमार्गे तेलंगणात जाते. तिथे निजामाबाद जिल्ह्यात कोनासमुद्रम नावाचं गाव आहे. १९४८ पर्यंत शहागड काय नि कोनासमुद्रम काय, दोन्ही निजामाच्याच राज्यात. त्या गावात मातीच्या बंद मुशीत लोखंड वितळवून पोलादाच्या वड्या बनायच्या. १८२०च्या दशकात हेन्री व्हॉयसीने ते काम बघून लिहून ठेवलं. त्या वड्या घ्यायला इराणचे व्यापारी थेट गावात यायचे.

या पोलादात थर नाहीत, घड्या नाहीत. तरी तलवार घडवून आम्ल लावलं की लाटा दिसतात. कशा काय? त्यात कार्बन भरपूर, साधारण दीड टक्का. जपून तापवत ठोकलं की कार्बनचे कठीण कण रांगेत बसतात, आणि त्या रांगा म्हणजेच नक्षी. १९९८ साली धातुशास्त्राचे प्राध्यापक जॉन व्हरहोव्हन आणि लोहारकाम करणारे आल्फ्रेड पेंड्रे यांनी दाखवलं, की या रांगा लागायला व्हॅनेडियमसारख्या धातूचा नगण्य अंश लागतो. तो खनिजातूनच यायचा. म्हणजे खाण बदलली की तीच भट्टी, तोच लोहार, पण नक्षी गायब! बिचाऱ्या लोहाराला कारण कळायला मार्गच नव्हता. सगळं तसंच करून आउटपुट वेगळं.

एकोणिसाव्या शतकात विलायती स्वस्त पोलाद आलं आणि आपल्याकडचं हे काम बंद पडलं. भाषेत तेवढं उरलं. 'पोलाद' हा शब्द फारसीतून आलेला, आणि 'पाणीदार' आपण अजूनही म्हणतो. जावात मात्र एम्पू आजही आहेत. २००५ साली युनेस्कोने केरिसला मानवजातीच्या मौखिक आणि अमूर्त वारशाचा मान दिला. तिथे वस्तू टिकली, कारण ती करणारा हात टिकला.

आणि आपल्या गावाबाहेर पाल टाकून विळे-कुऱ्हाडी घडवणारे घिसाडी? तापलेल्या लोखंडाचा रंग बघून 'आता मार' आणि 'आता पाण्यात घाल' हे त्यांना कळतं. ते कुठल्या मॅन्युअलमध्ये नाही. पुढच्या वेळी दिसले तर थांबा. आधी विळा विकत घ्या, मग काका-मावशींची परवानगी घेऊन विचारा आणि रेकॉर्ड करा. फोन आहेच हातात.

हो, आणि तो ऑनलाइन सुरा! पात्याची पाठ बघा. थरांचं पातं असेल तर रेषा तिथेही दिसायला हव्यात. खरी नक्षी घासली तर पुसट होते, पण आम्ल लावलं की परत येते. छापलेली गेली की गेली.

भेटू पुढच्या भागात.