लेकीची शाळा घरात ठरते



दसरा झाला की आपल्या बीड जिल्ह्यात ऊसतोडीला जायची घाई सुरू होते. मुकादमाकडून उचल घेतलेली असते, कोयता ठरलेला असतो. अशा वेळी घरात एक प्रश्न हमखास निघतो : आठवी-नववीतल्या लेकीचं काय करायचं? आज आम्ही गटातल्या बाया त्यावरच बोलणार आहोत.

पोरगी अभ्यासात मागे पडली की आपण म्हणतो, "तिचं डोकंच चालत नाही." म्हणून आम्ही मासिक बैठकीत आपापल्या लेकींचा दिवस मांडून पाहिला. पहाटे पाणी भरायचं, भांडी घासायची, धाकट्याला आवरायचं, मग शाळा. संध्याकाळी पुन्हा चूल. पुस्तक उघडेपर्यंत रात्रीचे नऊ वाजतात आणि डोळे मिटायला लागतात. भाऊ मात्र तोवर अभ्यास करून, जेवून मोकळा झालेला असतो. यात डोक्याचा काय दोष?

शिक्षण हक्क कायदा २००९ चा आहे. त्यात ६ ते १४ वर्षांच्या मुलांचं शिक्षण मोफत आणि सक्तीचं आहे. तोवर गुरुजी घरी येऊन विचारतात. नववीपासून ती सक्ती संपते, शाळाही बऱ्याचदा दुसऱ्या गावाला असते. मग पोरगी शिकणार की नाही, हे आपल्या उंबऱ्याच्या आतच ठरतं.

लेकीला फडावर नेलं, तर चार-पाच महिने ती कोपीवर भाकरी थापते, तान्ह्याला सांभाळते. परत येते तेव्हा परीक्षा तोंडावर असते. गावात ठेवलं, तर वयात आलेली पोर एकटी कशी राहील, ही काळजी. ती काळजी खोटी नाही. पण त्याच काळजीपोटी कित्येक घरं लग्न उरकून टाकतात. अठराच्या आत मुलीचं लग्न करणं गुन्हा आहे, आणि तिची शाळा तर तिथेच संपते.

गेल्या हंगामात आमच्या गटातल्या एका ताईंनी नववीतल्या लेकीला आजीजवळ ठेवलं. आजी थकलेली, म्हणून आम्ही पाळी लावली. रोज रात्री एकजण सोबतीला जायची. पाणी शेजारणीने भरलं. दर रविवारी फोनवरून मायलेकींचं बोलणं करून दिलं. पोरगी परीक्षेला बसली, आज दहावीत आहे. पैसा फारसा लागला नाही, माणसं लागली.

सरकारी सोयीही विचारून घ्या. ऊसतोड कामगारांच्या मुलांसाठी हंगामी वसतिगृहं आणि संत भगवानबाबा शासकीय वसतिगृहं आहेत. शाळेत आणि समाजकल्याण कार्यालयात हंगामाआधीच चौकशी करा. गावाकडच्या मुलींना बारावीपर्यंत शाळेसाठी एसटीचा मोफत पास मिळतो. आठवीत एनएमएमएस परीक्षा असते. निवड झाली तर नववी ते बारावी वर्षाला १२,००० रुपये शिष्यवृत्ती मिळते. शाळा सुटलेली असेल, तर १७ नंबरचा फॉर्म भरून दहावीला बाहेरून बसता येतं. कुठे लहान मुलीचं लग्न ठरत असेल, तर १०९८ वर फोन करा.

काही जणी म्हणतात, "आम्हाला वाचता येत नाही, आम्ही काय अभ्यास घेणार?" अहो, घेऊ नका. संध्याकाळी एक तास तिला काम सांगू नका. टीव्ही बंद ठेवा. तिच्याजवळ शेंगा फोडत बसा आणि विचारा, "आज काय शिकवलं?" आईला विचारावंसं वाटतं, हे कळलं की पोरीला उभारी येते. आणि एक घागर भावालाही उचलू द्या. त्याचंही भलंच होईल.

येत्या बैठकीत बचतीचा हिशोब झाला की आणखी एक यादी करा : आपल्या गटात आठवी ते दहावीच्या मुली किती, आणि हंगामात कोण कुणाजवळ राहणार? गाडी निघायच्या आधी प्रत्येक नावापुढे सांभाळणारीचं नाव लिहिलेलं असू द्या.