आकड्याची मर्यादा कुणी लक्षात ठेवायची?

आजचा विषय कोडिंगचा आहे. पण कोडिंग येत नसेल तरी बंद करू नका. गुणाकार-भागाकार येत असेल तर आजचा भाग समजेल.

प्रश्न साधा आहे. प्रोग्राममधल्या प्रत्येक आकड्याला एक मर्यादा असते. ती कुणी लक्षात ठेवायची? प्रोग्रामरने डोक्यात, की कंपायलरने?

सुरुवात एका रॉकेटपासून करूया. तारीख ४ जून १९९६. ठिकाण दक्षिण अमेरिकेतल्या फ्रेंच गयानामधलं कुरू. युरोपच्या एरियान ५ या नव्या रॉकेटचं पहिलं उड्डाण. आत क्लस्टर मोहिमेचे चार उपग्रह. इंजिन सुरू झाल्यापासून साधारण ४० सेकंद झाले, रॉकेट अंदाजे ३,७०० मीटर उंचीवर होतं आणि अचानक ते वाकडं झालं, तुटलं आणि फुटलं. चारही उपग्रह गेले.

चौकशी समिती बसली. गणितज्ञ झाक-लुई लिऑन्स अध्यक्ष. समितीला सापडलं ते असं. रॉकेटची दिशा आणि वेग मोजणाऱ्या कॉम्प्युटरमध्ये एक ६४ बिटांचा दशांश आकडा होता. तो १६ बिटांच्या पूर्णांकात टाकायचा होता. १६ बिटांत बसतात −३२,७६८ पासून ३२,७६७ पर्यंतचे आकडे. आलेला आकडा त्याहून मोठा निघाला. प्रोग्राम अडा भाषेत होता. अडाने चूक पकडली, पण पकडल्यावर पुढे काय करायचं ते त्या जागी लिहिलेलंच नव्हतं. कॉम्प्युटर बंद पडला. राखीव कॉम्प्युटर होता ना? होता. पण त्यातही तोच प्रोग्राम, त्यामुळे तो क्षणभर आधीच बंद पडला होता. मग मुख्य कॉम्प्युटरने बिघाडाचा संदेश हीच उड्डाणाची माहिती समजली आणि इंजिनांची तोंडं पूर्ण वळवली.

आता यातला खरा भाग ऐका. हा कोड जुन्या एरियान ४ वरून घेतलेला होता. अशा धोक्याच्या जागा सात होत्या. चार ठिकाणी तपासणी घातली होती, तीन ठिकाणी मुद्दाम घातली नव्हती. कारण प्रत्येक तपासणीला प्रोसेसरचा वेळ लागतो, आणि प्रोसेसरवर ८० टक्क्यांपेक्षा जास्त भार पडू द्यायचा नाही असं ठरलं होतं. शिवाय एरियान ४ मध्ये तो आकडा तेवढा वाढतच नव्हता. एरियान ५ चा आडवा वेग मात्र पाचपट लवकर वाढत होता.

म्हणजे कुणी आळस केला नव्हता. विचार करून निर्णय घेतला होता. पण 'हा आकडा एवढ्याच्या वर जाणार नाही' हे गृहीतक कोडमध्ये कुठेच दिसत नव्हतं. ते कागदपत्रांच्या ढिगात होतं. रॉकेट बदललं आणि गृहीतक तसंच राहिलं.

अडाने चूक पकडली खरी, पण कधी? रॉकेट हवेत असताना. याला म्हणतात रन-टाइम तपासणी, म्हणजे प्रोग्राम चालू असताना होणारी. दुसरी असते कंपाइल-टाइम तपासणी, म्हणजे प्रोग्राम तयार होण्याआधीची. फरक मुंबईकरांना लगेच कळेल. लोकलमध्ये तुम्ही विनातिकीट चढू शकता, टीसी आला तर पकडले जाता. मेट्रोत तिकिटाशिवाय गेटच उघडत नाही. कंपाइल-टाइम तपासणी म्हणजे हे गेट.

आता आपल्या ओळखीचं उदाहरण. दहावीचे गुण, ५०० पैकी. टक्केवारी काढायची आहे. गुणांना १०० ने गुणा, ५०० ने भागा. पाचवीचं गणित. तुम्ही हे जुन्या अर्डुइनो उनो बोर्डावर लिहिलंत, तर तिथला साधा 'इंट' १६ बिटांचा असतो. एका मुलीला ३२७ गुण आहेत. ३२७ गुणिले १०० म्हणजे ३२,७००. बसलं. टक्के आले ६५. पुढच्या मुलाला ३२८. गुणाकार ३२,८००. हा ३२,७६७ च्या वर गेला! आकडा गाडीच्या मीटरसारखा फिरतो आणि बहुतेक वेळा −३२,७३६ होतो. भागिले ५००, की पोराला पडले उणे ६५ टक्के!

गंमत बघा. शेवटचं उत्तर शंभराच्या आतलंच असणार होतं. गुणही पाचशेच्या आतले. गडबड झाली मधल्या पायरीवर, जी आपल्याला दिसतही नाही. आणि तुम्ही चाचणी घेताना २००, २५०, ३०० असे गुण टाकून पाहिले असते, तर सगळं बरोबर आलं असतं. चाचणी तुम्ही दिलेलेच आकडे तपासते, न दिलेले नाही.

मग उपाय काय? आकड्याचा प्रकार ठरवताना नुसतं '१६ बिट' न म्हणता 'शून्य ते ५००' असं सांगायचं. ही कल्पना नवी नाही. निक्लाउस विर्थ यांच्या पास्कल भाषेत १९७० पासून अशी मर्यादा घालता येते, अडामध्येही येते. सी प्लस प्लसमध्ये मात्र ही सोय मुळात नाही. तिथे लायब्ररी कामाला येते. बूस्ट या प्रसिद्ध संग्रहात रॉबर्ट रेमी यांची 'सेफ न्यूमेरिक्स' नावाची लायब्ररी आहे, ती २०१८ मध्ये त्यात आली.

ती काय करते? तुम्ही सांगता, गुण शून्य ते ५००. तुम्ही लिहिता, गुणिले १००. लायब्ररी कंपायलरकडूनच हिशेब करून घेते की उत्तर शून्य ते ५०,००० मध्ये येईल. खरा आकडा अजून आलेलाच नाही, फक्त दोन टोकांचा हिशेब. ५०,००० हे १६ बिटांच्या त्या डब्यात बसत नाही. कडक नियम निवडला असेल, तर कंपायलर तिथेच थांबतो. प्रोग्राम तयारच होत नाही. तुम्ही मोठा डबा घेता, किंवा १०० ने गुणून ५०० ने भागण्याऐवजी थेट ५ ने भागता. मग हिशेब पटतो आणि गेट उघडतं.

आणि जिथे हिशेब पटला, तिथे प्रोग्राम चालताना तपासायचं काही उरत नाही. म्हणजे प्रोसेसरचा वेळही लागत नाही. आठवलं? एरियानमध्ये तपासणी गाळायचं एक कारण प्रोसेसरचा भार हेच होतं. 'सुरक्षित की वेगवान' हे भांडण बऱ्याच ठिकाणी कंपाइल-टाइमलाच मिटतं.

पण मंडळी, ही जादूची कांडी नाही. तीन गोष्टी लक्षात ठेवा.

पहिली, बाहेरून येणारा आकडा. वापरकर्ता मोबाइलवर काय टाइप करणार, सेन्सर काय पाठवणार, हे कंपायलरला आधी कळू शकत नाही. तिथे रन-टाइम तपासणी हवीच. पण ती दारात एकदाच करायची. आत आल्यावर पुन्हा पुन्हा नको.

दुसरी, हा हिशेब जरा भित्रा असतो. एक आकडा त्याच आकड्यातून वजा केला तर उत्तर शून्य, हे आपल्याला कळतं. पण फक्त टोकं बघणारा हिशेब म्हणतो, उणे ५०० ते ५००. म्हणून कधीकधी बरोबर कोडही अडवला जातो. तेव्हा चिडायचं नाही, कोड जास्त स्पष्ट लिहायचा.

तिसरी, आणि ही सगळ्यात महत्त्वाची. मर्यादाच चुकीची सांगितली, तर कंपायलर त्या चुकीच्या मर्यादेचाच इमाने हिशेब करतो. एरियान ५ च्या कोडमध्ये एरियान ४ ची मर्यादा लिहिलेली असती, तरी तो कंपाइल झालाच असता. मग फायदा काय? फायदा हा, की ती मर्यादा एका ओळीत, सगळ्यांच्या डोळ्यांसमोर राहिली असती. रॉकेट बदलल्यावर कुणीतरी विचारलं असतं, 'अरे, ही ओळ अजून खरी आहे का?' आणि ती ओळ बदलल्याबरोबर कंपायलरने बोट ठेवून दाखवलं असतं की आता इथे, इथे आणि इथे आकडा बसत नाही.

म्हणून माझं मत विचाराल तर मर्यादा हे आपलं एक गृहीतक असतं. ते लिहिणाऱ्याच्या डोक्यात राहिलं, तर तो नोकरी बदलतो तेव्हा त्याच्याबरोबर निघून जातं. कॉमेंटमध्ये राहिलं, तर कुणी वाचत नाही. टाइपमध्ये लिहिलं, तर प्रत्येक वेळी कंपाइल करताना तपासलं जातं.

आता गृहपाठ! फोनवरच कुठलाही ऑनलाइन कंपायलर उघडा. जावामध्ये 'बाइट' प्रकारात २०० टाका. बाइटची मर्यादा १२७, त्यामुळे एरर येईल. रस्टमध्ये 'यू-आठ' प्रकारात २५६ टाका, तोही अडवेल. मग सी मध्ये 'साइन्ड कॅरेक्टर' प्रकारात २०० टाका. फार तर वॉर्निंग येईल, प्रोग्राम चालेल आणि छापून पाहिलंत तर −५६ दिसेल. तेच सी प्लस प्लसमध्ये महिरपी कंसात २०० लिहून द्या, कंपायलर नाही म्हणेल. चार भाषा, चार स्वभाव, दहा मिनिटांत बघून होतील.

आणि जाता जाता तुमच्या स्वतःच्या प्रोजेक्टमधला एक आकडा निवडा. वय, किंमत, बॅटरीचे टक्के, काहीही. स्वतःला विचारा, हा जास्तीत जास्त किती होऊ शकतो, आणि हे माझ्याशिवाय अजून कुणाला माहीत आहे का? उत्तर मला जरूर कळवा.

भेटूया पुढच्या भागात. तोवर ऐकत राहा, करून बघत राहा.