भाग ३१ : चौदा टक्के ब्लास्ट म्हणजे ल्युकेमिया की नाही?

आज कोड नाही, सर्व्हर नाही. आज बोन मॅरोच्या रिपोर्टबद्दल बोलायचंय. मी डॉक्टर नाही, बीटेकवाला माणूस आहे, हे आधीच सांगतो. पण गेल्या वर्षी माझ्या मामाला एएमएल म्हणजे अक्यूट मायलॉइड ल्युकेमिया झाला आणि घरात इंग्रजी रिपोर्ट वाचायचं काम माझ्याकडे आलं. तेव्हा जे समजून घेतलं, ते सांगतो.

सुरुवातीलाच एक गैरसमज काढून टाकू. रिपोर्टवर ‘जेनेटिक’ शब्द दिसला की घरच्यांच्या पोटात गोळा येतो. मामीचा पहिला प्रश्न होता, ‘‘अरे, म्हणजे पोरांनाही होणार का?’’ बहुतेक वेळा उत्तर ‘नाही’ असतं. हे बदल जन्मतः शरीरातल्या सगळ्या पेशींत नसतात. मॅरोमधल्या एखाद्या पेशीत आयुष्यात केव्हातरी बदल होतो आणि तिच्या वंशातल्या पेशींत तो उतरतो. काही थोड्या कुटुंबांत सदोष जनुक खरोखर वारशाने येतं, उदाहरणार्थ डीडीएक्स४१. तशी शंका असली तर डॉक्टर वेगळी तपासणी सांगतात.

आता मुख्य मुद्दा. मॅरोमध्ये ब्लास्ट म्हणजे अगदी कच्च्या पेशी असतात. निरोगी माणसात त्या ५ टक्क्यांच्या आत. एएमएलमध्ये त्या पक्व व्हायच्या थांबतात आणि नुसत्या वाढत राहतात. किती वाढल्या की ल्युकेमिया म्हणायचं? १९७६ च्या वर्गीकरणात ही रेघ ३० टक्क्यांवर होती. जागतिक आरोग्य संघटनेने २००१ मध्ये ती २० वर आणली. १९ ला एक नाव, २० ला दुसरं. आमच्या धंद्यात असा थ्रेशोल्ड हार्डकोड केला की कोड रिव्ह्यूमध्ये कोणीतरी हमखास विचारतं, हा आकडा आला कुठून?

ब्लास्ट मोजणं म्हणजे आजार किती पसरलाय ते मोजणं. आजार कुठला आहे, ते गुणसूत्रं आणि जनुकं सांगतात. हे कळायला सुरुवात झाली शिकागोत. जॅनेट राउली नावाच्या डॉक्टर गुणसूत्रांचे फोटो कापून घरच्या जेवणाच्या टेबलावर मांडत बसायच्या. मुलं चेष्टा करायची की आई कागदाच्या बाहुल्या खेळतेय. १९७३ मध्ये त्यांनी दाखवलं की काही एएमएल रुग्णांत ८ आणि २१ नंबरच्या गुणसूत्रांचे तुकडे आपसात बदललेले असतात. असाच १५ आणि १७ मधला बदल एपीएल या प्रकारात सापडला.

एपीएलबद्दल जरा थांबून बोलतो, कारण इथे तासांचा प्रश्न असतो. यात रक्त गोठण्याची यंत्रणा बिघडते आणि माणूस मेंदूतल्या रक्तस्रावाने जाऊ शकतो. म्हणून सूक्ष्मदर्शकाखाली नुसता संशय आला तरी जनुकीय रिपोर्टची वाट न पाहता एट्रा हे औषध सुरू करतात. अ जीवनसत्त्वाच्या कुळातली गोळी आहे ती. पीएमएल-रारा हे जोडजनुक सापडलं की निदान पक्कं. पुढे एट्रा आणि आर्सेनिक ट्रायऑक्साइड यांवर बहुतेक रुग्ण बरे होतात. ल्युकेमियातल्या सगळ्यात घातक प्रकारांपैकी एक आज सगळ्यात बऱ्या होणाऱ्या प्रकारांत गणला जातो.

मामाचे ब्लास्ट होते १४ टक्के. पहिलं मत आलं, हे एमडीएस दिसतंय, अजून ल्युकेमिया नाही. सगळ्यांना हायसं वाटलं. मग जनुकांचा रिपोर्ट आला : एनपीएम१ पॉझिटिव्ह. या बदलात साधारणपणे डीएनएची चार अक्षरं जास्तीची घुसतात. एवढ्याने प्रथिनाच्या शेपटाचा पत्ता बदलतो आणि ते केंद्रकातली आपली जागा सोडून बाहेर येऊन बसतं. प्रौढांच्या एएमएलमध्ये जवळजवळ ३० टक्के लोकांत हा बदल सापडतो.

२०१६ च्या नियमांनी १४ टक्क्यांवर एनपीएम१ असूनही एमडीएसच म्हटलं असतं. २०२२ मध्ये दोन नवी वर्गीकरणं आली. जागतिक आरोग्य संघटना म्हणते, एनपीएम१ असेल तर २० ची अट नको. दुसरं, आयसीसी, म्हणतं किमान १० टक्के हवेत. म्हणजे ७ टक्केवाला रुग्ण एका पुस्तकात ल्युकेमियाचा, दुसऱ्यात नाही. (दोन स्टँडर्ड एकाच वर्षी! आम्हाला याची सवय आहे, पेशंटला नसते.) मामाचे १४ दोन्हीकडे एएमएलमध्येच बसत होते. नाव बदललं आणि उपचारही. ‘बघू या’ वरून थेट केमो.

पण त्याआधी एक अडचण आली. कॅरिओटाइप, म्हणजे गुणसूत्रांची मांडणी, झालीच नव्हती. त्यासाठी जिवंत, विभाजन होणाऱ्या पेशी लागतात, म्हणून नमुना हेपरिनच्या हिरव्या झाकणाच्या ट्यूबमध्ये जातो. डीएनएच्या तपासण्यांसाठी ईडीटीएची जांभळ्या झाकणाची, कारण हेपरिन पीसीआरमध्ये अडथळा आणतं. पहिल्या रुग्णालयाने फक्त जांभळी पाठवली होती. मामा म्हणाला, ‘‘परत सुई? जनुक सापडलंय ना आता?’’ प्रश्न बरोबर होता. डॉक्टरांनी शांतपणे सांगितलं, ‘‘नुसतं एनपीएम१ असेल तर आजार केमोला चांगला दाद देतो. पण त्याच्याबरोबर गुणसूत्रांत वाईट बदल असले तर गणित उलटतं, मग ट्रान्सप्लांटचा विचार आधीपासून करावा लागतो.’’ मामा कुशीवर वळला. दुसऱ्यांदा सुई झाली. सहा दिवसांनी रिपोर्ट आला : वीसच्या वीस पेशींत ४६ गुणसूत्रं, सगळी जागच्या जागी.

आणखी एक गोष्ट, माझ्या कामाच्या जवळची. एफएलटी३-आयटीडी नावाचा बदल असतो. जनुकाचा एक तुकडा तिथेच पुन्हा चिकटतो, कॉपी-पेस्टसारखा. तो असेल तर जोखीम वाढते, पण मिडोस्टॉरिनसारखी औषधंही देता येतात. गंमत अशी की एनजीएस मशिन छोटे छोटे रीड वाचतं. जोडलेला तुकडा लांब असला की नेहमीचं अलाइनर सॉफ्टवेअर तो रीड कचरा समजून बाजूला टाकू शकतं. म्हणजे बदल आहे, पण रिपोर्टमध्ये ‘निगेटिव्ह’. मामाच्या रिपोर्टच्या तळाशी बारीक अक्षरात ही मर्यादा लिहिलेली होती. मी डॉक्टरांना विचारलं, तर त्यांनी आधीच फ्रॅगमेंट ॲनालिसिसला नमुना पाठवला होता. त्यात तुकड्याची लांबीच मोजतात, त्यामुळे असं सुटत नाही. तोही निगेटिव्ह आला.

तुमच्या घरात कुणावर ही वेळ आली तर डॉक्टरांना एवढं जरूर विचारा : कॅरिओटाइपला हिरवी ट्यूब गेली का? एफएलटी३ कुठल्या पद्धतीने तपासलं? आणि औषध सुरू करायला कुठल्या रिपोर्टसाठी थांबायचं, कुठल्यासाठी नाही?

मामाचे केमोचे कोर्स झालेत. आता एनपीएम१ चाच माग काढत ठरावीक महिन्यांनी पीसीआर होतो, लाखो निरोगी पेशींत एखादी वाईट पेशी उरली असली तरी दिसावी म्हणून. पुढची तारीख १२ ची आहे. मामीने ती गॅसच्या नोंदीशेजारी कॅलेंडरवर लिहून ठेवलीय.